मामांच्या बंद खोलीची अनामत

प्रति,
मा. भाडे-तंटा अधिकारी,
भाडे-तंटा कार्यालय, पूर्व विभाग,
कुमासी.

अर्जदार : श्रीमती एन्योनाम क्पोदो, वय ३८, धंदा शिवणकाम, मूळ राहणार केटा, सध्या मुक्काम मैत्रिणीच्या व्हरांड्यात, सहा शिलाई यंत्रांसह.
जाब देणार : श्री. क्वाबेना अदुसेइ, घरमालक.

विषय : भाड्याच्या दोन खोल्या ठरल्या तारखेस तयार न मिळाल्याने, तसेच मधल्या काळात अर्जदारांना घरमालकाच्या मामांची भाची करण्यात आल्याने, भरलेली अनामत परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अनामतीची पावती, दि. ११ फेब्रुवारी २०२३.
२) घरमालकाकडे केलेल्या एकोणीस तोंडी मागण्या, ज्यांची पावती कोणी देत नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतात की, त्या भांडखोर नाहीत. अकरा वर्षे या शहरात त्या लोकांची मापे घेत आहेत आणि आजवर कोणाशी तंटा झालेला नाही. आपल्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या अर्जलेखकाने हा अर्ज त्या सांगतील तसा टंकित केला आहे.

१. अर्जदारांनी श्री. अदुसेइ यांच्या घरातील रस्त्याकडची बैठकीची खोली व तिच्यामागची निजायची खोली भाड्याने घेण्याचे ठरवून अनामत रोख भरली. पुढच्या खोलीत यंत्रे मांडायची आणि मागच्या खोलीत आईला आणून ठेवायचे, असा साधा बेत होता. आई, श्रीमती अमेयो क्पोदो, वय ७१, केट्याला एकट्या राहतात. त्यांच्या घराची मागची भिंत समुद्राने नेली असून भरतीला पाणी स्वयंपाकघरात येते. अनामतीचे पैसे आईनेच दिले. वडिलांच्या होडीचे इंजिन विकून ते आले. वडील, श्री. डोत्से क्पोदो, सतरा वर्षांपूर्वी स्वतःच्या होडीवर नव्हे, शेजाऱ्याच्या होडीवर मासे धरायला गेले आणि परत आले नाहीत, म्हणून इंजिन तेवढे घरी राहिले होते. हा मजकूर कार्यालयास लागत नाही, असे अर्जलेखकाने सुचवले. अर्जदार म्हणाल्या, राहू द्या. अर्जाचे पैसे त्या देत असल्याने तो राहू दिला आहे.

२. खोल्या १ मार्च रोजी ताब्यात मिळायच्या होत्या. मागच्या खोलीत तोवर घरमालकाचे मामा, श्री. याव बादू, वय ८८, राहत असत. महिनाअखेर ते आपल्या गावी बहिणीकडे जाणार होते आणि त्यांची पेटीही बांधून झाली होती. २७ फेब्रुवारीस सकाळी लापशी पिऊन ते त्या पेटीवर बसले आणि बसल्या बसल्या वारले. मयताबद्दल अर्जदारांची काहीएक तक्रार नाही. दोन दिवस थांबता आले असते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

३. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची खोली त्याच्या अंत्यविधीपर्यंत उघडत नाहीत, हे कार्यालयास ठाऊकच आहे. किल्ली घराण्याचे प्रमुख नाना अफ्राने यांच्या कमरेला गेली, आणि पुढची खोली समाचाराच्या पाहुण्यांसाठी अडकली. त्या खोलीत फक्त विधवेला बसता येते, आणि मामांच्या पत्नी तर बारा वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. अर्जदार रिवाज जाणतात. त्या रीतीप्रमाणे जिन दारूची बाटली घेऊन समाचाराला गेल्या, उजवीकडून सुरुवात करून अंगणातल्या प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि अंत्यविधी कधी, असे अदबीने विचारले. ही त्यांची पहिली चूक. बाटली स्वीकारली गेली, वहीत नाव चढले आणि त्यांना बसायला खुर्ची मिळाली.

४. तारखेचे घोंगडे तेव्हापासून भिजत पडले. घराण्यातले अर्धे लोक म्हणत, हॅम्बुर्गचा भाचा येईपर्यंत थांबा. उरलेले म्हणत, आधी घराला रंग द्या, पाहुणे नावे ठेवतील. भाच्याला रजा मिळाली तेव्हा रंग सुकला नव्हता, आणि रंग सुकला तेव्हा रजा संपली होती. ईस्टर गेला, जून गेला, ऑगस्टही गेला. या सर्व काळात मामा शवागारात होते, आई समुद्राकाठी आणि अर्जदार व्हरांड्यात. तिघांत मामांचीच सोय बरी होती, असे अर्जदारांचे मत आहे.

५. अर्जदार दर दहा-बारा दिवसांनी अनामत मागायला जात, आणि दर वेळी अंगणात घराण्याची बैठक भरलेली असे. मयताचे उरकण्याआधी जिवंतांच्या पैशांचा विषय काढू नये, असे सांगून त्यांना खुर्ची दिली जाई. खुर्चीवर बसलेले माणूस गप्प तरी किती वेळ बसणार? जूनच्या बैठकीत रंगावरून दोन चुलत भाऊ हातघाईवर आले, तेव्हा अर्जदारांनी मळखाऊ पिवळा सुचवला, कारण त्यावर रस्त्याची धूळ दिसत नाही. तो एकमताने मंजूर झाला. पुढच्या बैठकीपासून, अक्षर चांगले म्हणून, इतिवृत्ताची वही त्यांच्या मांडीवर आली. ऑगस्टात शोकाच्या काळ्या-तांबड्या कापडाचे तागे आले आणि त्रेचाळीस माणसांची मापे त्यांनी घेतली. कोण कोणावर रुसले आहे आणि कोणाची कंबर दोन बोटे वाढली आहे, हे त्या घराण्यात आज अर्जदारांइतके कोणालाच ठाऊक नाही. शिलाई चोख मिळाली. तिच्याबद्दल वाद नाही.

६. सप्टेंबराच्या सुरुवातीस अंत्यविधीचा फलक छापून चौकात लागला. वर मामांचा मोठा फोटो, खाली शोकाकुल बहिणी, भाचे, भाच्या, आणि तारखेच्या जागी कोरा चौकोन, तारीख ठरल्यावर चिकटवण्यासाठी. भाच्यांच्या रांगेत आठव्या क्रमांकावर 'एन्योनाम' असे नाव असून गळ्यात मापपट्टी असलेला अर्जदारांचा फोटो आहे. अर्जदार केट्याच्या, जमातीने एवे, मामा असांते. दोघांचा संबंध म्हणाल तर खोली बघायला गेल्या असता मामांनी त्यांना खिडकीची कडी कशी अडकते आणि ती किंचित उचलून कशी काढायची, ते दाखवले होते.

अर्जदार फलक घेऊन घरमालकाकडे गेल्या. तोवर घरमालक त्यांना 'मॅडम' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "अगं, आता तू आमची बहीण झालीस. बहीण कधी भावाकडे अनामत मागते का?"

मग बहिणीला खोली तरी द्या, असे अर्जदार म्हणाल्या. त्यावर कळले की अंत्यविधीआधी भाच्यांनी मामाच्या खोलीत पाऊल टाकायचे नसते. म्हणजे भाडेकरू म्हणून खोली मिळाली नाही, नातेवाईक म्हणूनही मिळत नाही, आणि पैसे दोन्ही नात्यांनी अडकले. त्यातच मैत्रिणीचे लग्न ठरले असून नवऱ्यामुलाला व्हरांडा रिकामा हवा आहे. दुसरी खोली घ्यायची तर तिथेही अनामत लागते आणि ती श्री. अदुसेइ यांच्याकडे आहे. ते हसून चहा विचारतात, पण ताकास तूर लागू देत नाहीत.

७. आता मुख्य प्रसंग. आईने मार्चमध्ये बांधलेले बोचके सात महिने सोडले नव्हते. त्यातले पातळ काढायचे, नेसायचे, धुऊन परत त्यातच ठेवायचे. २३ सप्टेंबर रोजी, कोणाला न कळवता, त्या बसने कुमासीस आल्या आणि पावतीवरचा पत्ता दाखवत दाखवत थेट त्या घराच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. बैठक भरली होती. शिवलेले कपडे बेतून बघायचे असल्याने सगळे घराणे काळ्या-तांबड्यात होते. मामांच्या फोटोला फुले वाहिली होती. आईला एवेखेरीज भाषा येत नाही. त्यांनी ती माणसे पाहिली, तो फोटो पाहिला, बोचके खाली ठेवले आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली.

अर्जदारांना आधी वाटले की रीत म्हणून रडत आहेत, आत्ता थांबतील. त्या थांबेनात. रडता रडता त्या ज्याचे नाव घेत होत्या ते याव बादू नव्हते, डोत्से होते. वडिलांचा देह मिळाला नाही म्हणून केट्याला त्यांचा अंत्यविधी झाला नाही, फलक लागला नाही, कोणी बाटली घेऊन आले नाही. लोक म्हणत राहिले की येईलही कदाचित. सतरा वर्षे आईला चारचौघांत बसून रडायला अंगणच मिळाले नव्हते. अर्जदारांना फार वाईट वाटले. हे आपल्या कधी लक्षात आले नाही, याची लाजही वाटली. अर्जलेखकाने येथे टंकयंत्र थोडा वेळ थांबवले होते.

नाना अफ्राने यांनी विचारले की ही बाई कोण आणि कोणासाठी रडते. अर्जदारांनी जे खरे ते सांगितले. नाना घराण्याकडे वळून म्हणाले, "हिच्याकडे पुरायला माणूस नाही. आपल्याकडे आहे, आणि आपण रजा अन् रंग घेऊन बसलोय."

दहा मिनिटांत तारीख ठरली, शनिवार, १४ ऑक्टोबर. हॅम्बुर्गला कळवण्यात आले की येणे जमले तर यावे. मग नानांनी कमरेची किल्ली सोडली आणि आईला मामांच्या खोलीत बसवण्यास सांगितले. घरमालकाने हरकत घेतली की आत विधवाच बसते.

"मग ही कोण आहे?" नाना म्हणाले.

"पण मामांची विधवा, नाना."

"रिवाजात विधवा म्हटलंय, क्वाबेना. कोणाची, ते मला तू शिकवू नकोस."

८. सद्यःस्थिती अशी आहे की, आई खोलीत असून अर्जदार खोलीबाहेर आहेत. भाची असल्याने त्यांना आत जाता येत नाही. त्या रोज संध्याकाळी मामांनी दाखवल्याप्रमाणे कडी उचलून खिडकी उघडतात आणि मक्याच्या पिठाचे अक्प्ले व माशाचे कालवण आत देतात, कारण आईला इकडचा कुटलेल्या कंदांचा फुफू घशाखाली उतरत नाही. पुढच्या खोलीत अंत्यविधीच्या तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचल्या आहेत. असे असता घरमालक आता म्हणतात की ताबा दिला, आई राहते आहे, सबब अनामत परत करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अर्जदारांचे नम्र म्हणणे असे की, आईला नानांनी बसवले, घरमालकाने नव्हे; त्याने तर हरकत घेतली होती. हरकत घेणाऱ्याने त्याच गोष्टीचे श्रेय घेऊ नये.

येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे की, अनामत मिळाल्यास दुसरीकडे चलशील का, असे अर्जदारांनी खिडकीतून आईला विचारले होते. आई म्हणाल्या, "दर्यानं त्याची चप्पलसुद्धा परत दिली नाही, बाळा. इथं रोज दुपारी चार बायका येऊन मला विचारतात, तुझा माणूस कसा होता. मी कशाला उठू?" त्या बायकांना एवे येत नाही आणि आईला त्यांची भाषा येत नाही. तरी दुपारभर गप्पा चालतात, हे अर्जदारांनी स्वतः पाहिले आहे.

९. गेल्या रविवारी अर्जदार विसाव्यांदा अनामत मागायला गेल्या. नानांनी त्यांना जवळ बोलावून वडिलांचे पूर्ण नाव विचारले, एकेक अक्षर सांगायला लावले आणि ते इतिवृत्ताच्या वहीत अर्जदारांकडूनच लिहून घेतले. फलक नव्याने छापण्यात आला आहे. शनिवारी पूर्वजांना जिन ओतताना मामांच्या नावामागून ते नावही घेतले जाईल. त्या दिवशी अनामत मागायची राहून गेली. म्हणून संदर्भात मागण्या एकोणीसच लिहिल्या आहेत.

सबब विनंती की,

घरमालकाने एकतर अनामत परत करावी, नाहीतर रविवार, १५ ऑक्टोबर रोजी खुर्च्या हलवून दोन्ही खोल्या अर्जदारांच्या ताब्यात द्याव्यात, असा हुकूम व्हावा. दोहोंपैकी कोणते, हे अर्जदार पूर्वी छातीठोकपणे सांगू शकल्या असत्या. आज त्या म्हणतात की आईला विचारून हुकूम केला तर बरे. तसेच घरमालकाने बहीण म्हणायचे असेल तर बहिणीसारखे वागवावे आणि भाडेकरू म्हणायचे असेल तर पावतीप्रमाणे. सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरे, असे चालू देऊ नये.

सुनावणी कृपया शुक्रवारी किंवा शनिवारी ठेवू नये. शुक्रवारी मामांना घरी आणायचे आहे आणि अर्जदारांना पुढच्या रांगेत बसायचे आहे. घरमालकाच्या काळ्या सदऱ्याची काज-बटणे अद्याप बाकी आहेत. तो सदरा अर्जदार वेळेवर देतील. त्याला या तंट्यात ओढू नये.

तसदीबद्दल क्षमस्व. शनिवारी कार्यालयास सुटी असल्यास आपणही यावे. खुर्च्या भरपूर आहेत.

आपली नम्र अर्जदार,
आणि फलकानुसार शोकाकुल भाची,

(सही) एन्योनाम क्पोदो
कुमासी, दि. १० ऑक्टोबर २०२३

सोबत जोडलेले कागद :
१) अनामतीची पावती. बसप्रवासात आईच्या मुठीत असल्याने चुरगळली आहे.
२) त्रेचाळीस मापांच्या वहीतील घरमालकाचे पान, ओळख पटण्यासाठी.
३) जुना फलक, तारखेचा चौकोन कोरा.
४) नवा फलक. सगळ्यात खालची ओळ पाहावी : 'तसेच डोत्से क्पोदो, केटा, ज्यांना दर्याने ठेवून घेतले.' बाकीचे कागद दप्तरी राहिले तरी चालतील. हा मात्र परत मिळावा. आईला तो खोलीच्या भिंतीवर लावायचा आहे.