धाकट्याच्या गाडीचा दरवाजा

२ मे

दोन दरवाजे, बॉनेट आणि पुढचं मडगार्ड – ट्रकमालकाच्या माणसांनी माझ्या शेडच्या तोंडाशी आणून टाकलं. टाकलं म्हणजे अक्षरशः टाकलं! पत्रा ठोकून सरळ केलाय, पण ठोकणाऱ्याने बायकोवरचा राग काढला असावा. खळग्यांत लांबीची पुट्टी भरता भरता माझा जीव जाणार.

धाकट्याची गाडी ही. यातल्याच एका दरवाज्यातून लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

मालक स्वतः आला होता. "रंग होऊन गाडी उभी राहीपर्यंत मी थांबतो. तोवर तुझा भाऊ नुसता 'येतो' म्हणाला तरी गाडी त्याची. नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर बसवावा लागेल." माणूस वाईट नाही. वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

३ मे

संध्याकाळी धाकट्याकडे गेलो. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणतात, पाय जुळतील. बोलत का नाही, ते त्यांनाही कळत नाही. जिभेला काही झालेलं नाही. अपघातापासून तोंडाला कुलूप.

कानाशी वाकून सांगितलं – "गाडी माझ्याकडे आहे रे. तुझी जागा कुठे जात नाही." डोळे मिटून घेतले त्याने. ऐकलं मात्र नक्की.

जागा राहिली तर हा उठेल. माझं मन सांगतंय.

६ मे

काय ऊन! पत्र्याखाली उभं राहवत नाही. जमिनीवर पाणी मारलं, गोणपाटं भिजवून टांगली, तासाभरात सगळं कोरडं ठणठणीत. रंग गनमधून निघून पत्र्याला लागायच्या आतच वाळतो. हात फिरवला तर रवाळ लागतं.

बॉनेट आणि मडगार्ड पहाटे केलं, ते साधलं. दरवाज्यांना सकाळी पहिला हात दिला आणि भर दुपारी बोट लावून बघितलं – वरून वाळलेलं. म्हटलं, उरकून टाकू. दुसरा हात मारला आणि बघता बघता सगळा निळा रंग आकसून सुरकुत्या! वरची साय वाळली होती, आत ओलाच होता. इतकी वर्षं इनॅमल मारतोय आणि ही चूक!

शेजारचा वेल्डर येऊन उभा. "दरवाजा आहे की आमच्या सासऱ्याचं थोबाड?"

मालकाला फोन केला. "ऊन आहे बाबा, तू तरी काय करणार," म्हणाला. "खरवडून पुन्हा कर. मी थांबतो."

थांबतो म्हणाला.

८ मे

आज मुद्दाम केलं.

१० मे

खरवडायचं, घासायचं, प्रायमर, पहिला हात – आणि मग ऐन दुपारी दुसरा. चांगलं काम करायला जेवढी अक्कल लागते तेवढीच बिघडवायला लागते, हे आज कळलं. हनुवटीवरून घाम ओल्या रंगात पडला, तोही पुसला नाही. एक माशी चिकटली. राहू दे म्हटलं.

स्वतःच्या हाताची लाज वाटते. रस्त्यावरून जाणारा कुणीही बघेल आणि म्हणेल, याला कुणी पेंटर केला? म्हणू दे. नाक कापलं गेलं तरी चालेल, धाकट्याची गाडी जायला नको.

वेल्डर आज थट्टा करेना. मग म्हणाला, "पहाटे का मारत नाहीस?" मी कॉम्प्रेसर चालू केला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

१२ मे

धाकट्यात फरक नाही. भावजय दारापर्यंत पोचवायला आली. चपला घालत होतो, तेव्हा हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही येऊन गेलात की हे जेवतच नाहीत."

मी म्हटलं, "गाडीची आठवण येत असेल."

आई आतून ओरडली, "अगं, त्याला थांबव, चहा टाकलाय!" थांबलो नाही.

१३ मे

गेलो. सांगितलं – गाडी अजून आहे, वाट बघतेय तुझी. याच्यापेक्षा भिंत बरी, निदान पोपडे तरी पडतात तिचे.

१५ मे

मालक आला तो नव्या ड्रायव्हरला घेऊनच. पोरसवदा नाही, चांगला पोक्त, अदबीने बोलणारा. दरवाज्यावरून बोट फिरवलं त्याने आणि माझ्याकडे न बघता बोट पँटला पुसलं. मालक म्हणाला, "आता पुरे झालं रे. मला सगळं दिसतं. भाऊ आहे, कळतं. पण तो काही बोलला का? एक शब्द?"

काय सांगू? थाप मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"उद्या होईल ना?"

"होईल," म्हणालो.

संपलं. आता धाकटा असाच पडून राहणार. पाय जुळतील, माणूस जुळणार नाही.

१६ मे

फटफटायच्या आत शेडवर. पत्रा गार, वारा पडलेला. काल मालक गेल्यावर सगळं खरवडून, प्रायमर देऊन पहिला हात मारून ठेवला होता, पातळ, रात्रभर वाळलेला. दुसरा मारला. गन एका लयीत जात होती, कुठे ओघळ नाही, कण नाही. कडेपासून कडेपर्यंत नुसतं पाणी पसरल्यासारखं. इतकं चांगलं काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते आजच व्हायचं होतं! दरवाज्यात माझं तोंड दिसत होतं – रडणारं, बावळट. रंगावर थेंब पडू नये म्हणून मागे सरकलो.

वेल्डरने येऊन पाठीवर हात ठेवला.

१८ मे

दुपारी गाडी शेडसमोर आणली, दरवाजे आणि बाकीचे भाग जोडले. नव्या ड्रायव्हरने चावी फिरवली, हात जोडले मला, आणि गेला. आज धाकट्याकडे जायचं धाडस झालं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? रोज शब्द देत होतो.

१९ मे

सांगितलं. म्हटलं, "माफ कर, नाही राखता आली. गाडी गेली."

धाकट्याने भिंतीकडचं तोंड वळवलं. "नक्की?" म्हणाला. आवाज फाटलेला. "नक्की गेली ना, दादा? परत नाही ना बसायचं मला तिच्यात?"