बापाखालचा चौकोन

सोजरकाकू,

आमच्या शेजारचं घर सोडून तुमी कामरगावले गेल्या, त्याले वीस वर्षं झाली. आजा, काका, बाप तिघंही बेचाळीसव्या वर्षीच आतड्याच्या कॅन्सरनं गेले, अन् आईनं तुमच्यावर करणीचा आळ घेतला. मीही तुमचं ताक उकिरड्यावर ओतलं.

आता माह्या रक्ताच्या तपासणीत पिढीजात दोष निघाला. डॉक्टरानं कागदावर घरातल्या गडीमाणसांचे चौकोन काढले अन् मेलेले तिघं काळे केले. "रक्ताचं आणखी कोणी?"

आई म्हणे, "कोणीच नाही."

काकू, तुमच्या हरीओमची चाल माह्या बापाची आहे. त्याले औंदा बेचाळीसवं लागलं ना?

घरी येऊन मी त्याच कागदावर बापाखाली एक कोरा चौकोन काढला. सकाळी पाहिलं, तं तो काळा केलेला होता. घरात मी अन् आई, दोघीच राह्यतो.

हे पत्र टाकाची हिंमत नसलेली,
वर्षाराणी