मोरीतला नळ चावतो

२ फेब्रुवारी २०००, बुधवार

आज पुन्हा नळ चावला म्हणे! सासूबाईंचा हा नवा छंद. दसऱ्यापासून चाललाय. सकाळी सातला कॉर्पोरेशनचं पाणी येतं, आई सोवळ्यात पाणी भरायला मोरीत जातात आणि दोन मिनिटांत हाक — "शालू, चावला गं!" मी जाते, नळ धरून दाखवते. काही नाही. साधा लोखंडी पाइप, पितळी तोटी. आई माझ्याकडे बघतात, मीच नळाला फितवून ठेवल्यासारखं. मग मला ऑफिसला उशीर.

६ फेब्रुवारी, रविवार

यांनी आज टेस्टर लावला. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, म्हणजे सगळं रीतसर. आधी टेस्टर स्विचबोर्डात घालून पाहिला, मग नळाला. पेटला नाही. मग आईंना पाच मिनिटं समजावलं — पाण्याचा नळ आहे, त्यात वीज कुठून येणार? आई म्हणाल्या, "रविवारी तो चावत नाही. सोमवारी ये."

सोमवारी हे पावणेसातला शाळेत असतात. म्हणाले, "नळाला पण साप्ताहिक सुट्टी असते का?" नम्रता आजीकडे बघून खूप हसली. मीही.

९ फेब्रुवारी, बुधवार

आईंनी आंघोळ केली नाही. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा असेल.

१२ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वाराबद्दल विचारलं. आई म्हणाल्या, सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाकीचे दिवस गप्प. डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं आणि आईंना बाहेर बसवून म्हणाले, भास सुरू झालेत, या वयात होतं. गोळ्या दिल्यात. पहिली गोळी घेतल्यापासून आई गुंगीत आहेत.

कोथरूडच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे. यांनी घरूनच फोन केला, आई आतल्या खोलीत पडून होत्या. एक तारखेपासून जागा आहे. मग हे गॅलरीत जाऊन आईंची वाळलेली लुगडी घडी करत बसले.

इथे तरी खरं लिहिते. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या मागोमाग मनात आलं की नम्रताला बारावीच्या वर्षाला स्वतंत्र खोली होईल. दोन्ही एकाच मिनिटात. माणूस काय चीज आहे!

१७ फेब्रुवारी, गुरुवार

पंख्याचा रेग्युलेटर बिघडला म्हणून कोंडीरामना बोलावलं. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं वायरमन होते, आता रिटायर. कामाला हळू, पण पक्के. ते शिडीवर असतानाच आई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही विजेचे ना? आमचा नळ चावतो."

मी डोळ्यांनी खुणावलं — लक्ष देऊ नका. त्यांनी लक्ष दिलं! शिडीवरून उतरले. "कोणत्या टायमाला, आजी?" आईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, त्याच्यामागे टांगलेलं गेल्या वर्षीचंही. दुधाच्या आकड्यांखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके. ऑक्टोबरपासूनचे! एक ठिपका म्हणजे मुंगी चावली, दोन म्हणजे विंचू. रोज ते कॅलेंडर बघते मी. ठिपके कधी दिसले नाहीत.

कोंडीराम पानं उलटत राहिले. दिवाळीचे आठ दिवस कोरे. नाताळात चार दिवस कोरे. मग मला म्हणाले, "ताई, असं रजिस्टर आमच्या कारखान्यात सुदिक कोणी ठेवत नव्हतं. मी उद्या पावणेसातला येतो. ह्ये खरं हाय."

खरं आहे! मी चहा टाकला.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ऑफिसला गेले नाही. सगळं लिहून ठेवते.

पावणेसातला कोंडीराम आले. त्यांच्याजवळ काट्याचं जुनं मीटर. त्याची एक वायर नळाला, दुसरी लांब सोडून खाली अंगणातल्या ओल्या मातीत ठोकलेल्या सळईला. काटा शून्यावर. आई पाटावर बसून बघत होत्या, जराही उतावीळ नाहीत.

सात वाजून चार मिनिटं झाली आणि काटा हलला! थोडासाच. मग थांबला. परत थोडा सरकला. कोणी जिना चढावा तसा — एक पायरी, थांबा, पुढची पायरी. ऐंशी, नव्वद, शंभर व्होल्टच्या वर. कोंडीराम पुटपुटत मोजत होते. "चौदा वेळा हलला. ताई, चौदा काय हाय खाली?"

खाली म्हणजे तळमजल्याला कॉम्प्युटर क्लास आहे, चौदा कॉम्प्युटरचा. दसऱ्याला उद्घाटन झालं, पेढे आले होते. सातची बॅच सोमवार, बुधवार, शुक्रवार! मी "अगं बाई!" म्हणून मोरीच्या उंबऱ्यावरच बसले.

पण मग मला का लागत नाही? कोंडीराम म्हणाले, "चपला काढा. हात उलटा करून नुसता टेकवा. धरू नका." मी घरात बारा महिने रबरी स्लिपर घालते, टाचा दुखतात म्हणून. हेही घालतात. नम्रताही. सोवळ्यात पायात काही चालत नाही म्हणून ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या घरात एकट्या आई. काढल्या चपला. टेकवला हात.

कोपरापर्यंत चावलं! ओरडलेच मी. हे चार महिने, आठवड्यातून तीनदा! आईंकडे बघवेना.

नम्रताला खाली पिटाळलं. क्लासचे सर भले, त्यांनी मुलांना एकेक कॉम्प्युटर बंद करायला लावलं. नम्रता खालून ओरडायची, "एक बंद! दोन बंद!" आणि वर काटा एकेक पायरी उतरायचा. तो अजून डोळ्यांपुढे उतरतोय. शेवटी सगळे परत चालू करून कोंडीरामनी क्लासमागची एक हिरवी वायर सोडवली. काटा धाडकन शून्यावर!

कारण ऐकून तर थक्कच झाले. प्रत्येक कॉम्प्युटर थेंबभर वीज त्या हिरव्या अर्थिंगच्या वायरीत सोडतो. बिघाड नाही, त्याची घडणच तशी. ती जमिनीत जिरली की कोणाला कळतही नाही. क्लासच्या वायरमननं ती वायर जुन्या रिवाजानं आमच्या नळाच्या पाइपाला गुंडाळली. पेठेत सगळे तसंच करतात, पाइप जमिनीत गेलेला असतो ना. पण आमचा पाइप दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या मीटरपाशी गळत होता, तेव्हा प्लंबरनं तिथे हातभर प्लॅस्टिकचा तुकडा घातला. जमिनीशी असलेला जोड तिथेच तुटला! चौदा थेंब साचून वर आमच्या तोटीपर्यंत यायचे. बाकीच्या बिऱ्हाडांना टाकीचं पाणी, प्लॅस्टिकच्या पाइपांतून. लोखंडी लाइन आमची एकट्यांची.

कोणाचीच चूक नाही, आणि तरी आईंना चावत होतं. मी आपली डोळे मिटून ते थेंब पाइपातून वर चढताना बघतेय.

हे शाळेतून आले. सगळं सांगितलं. यांनी गोळ्यांची पट्टी उचलली आणि कचऱ्यात टाकली.

२० फेब्रुवारी, रविवार

क्लासनं स्वतःचं अर्थिंग करून घेतलं. अंगणात पुरुषभर खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ, वर पाणी. कोंडीराम म्हणाले, "जमिनीलाबी मीठ लागतं, ताई." आम्ही सगळे गॅलरीतून बघत होतो. लहानपणी विहीर खणताना बघायचे तशी बघत राहिले.

२१ फेब्रुवारी, सोमवार

सातची बॅच भरली. आईंनी तोटी धरली. आम्ही तिघं मोरीच्या दारात. यांनी पहिला तास दुसऱ्याला दिला होता.

"नाही चावला," आई म्हणाल्या.

हे वाकून पाया पडले. "चुकलं आई." त्यांनी यांच्या डोक्यावर ओला हात ठेवला. मी रडले, मग शिरा केला. वृद्धाश्रमात फोन करून नको म्हणून कळवायचं राहिलंय, हे उद्या करतील.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी घरी आले तर आई नाहीत! सातला रिक्षातून उतरल्या. एकट्याच कोथरूडच्या पुढे जाऊन खोली बघून आल्या, एक तारखेची पक्की करून. मी म्हटलं, "अहो आई, आता तर सगळं निस्तरलं ना?" पदरानं तोंड पुसत शांतपणे म्हणाल्या, "तिथली माणसं परकी आहेत, शालू. परक्यांनी खोटं पाडलं तर एवढं लागत नाही."