एकाहत्तर इंच

हार्लो कॉर्नर्स
११ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय व्हर्ना,

तुमच्याकडे किती झाला?

पंधरा वर्षांनी या घरातून तुला कुणीतरी हे विचारतंय. आमच्याकडे काल सकाळी सातपर्यंत या हंगामातल्या बर्फाचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी इंच होता. आज पुन्हा ऑन्टारिओ सरोवरावरून ढगांचा पट्टा सरकत आलाय आणि पलीकडच्या वॉटरटाऊनात म्हणे लख्ख ऊन आहे. नेहमीचंच.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. डोरीन होती तेव्हा पत्र लिहिणं तिचं आणि तिकीट चिकटवणं माझं, अशी आमची वाटणी होती. म्हणून आधीच सांगतो, कुणाला काही झालेलं नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे. छप्पर डोक्यावर आहे आणि त्यावरचा बर्फ उतरवायला आता शेजारचा वेंडेल चढतो. वर चढला की मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, "म्हातारा खाली बसून कॉफी पितोय आणि साठीचा पोरगा वर मरतोय!" मी खिडकीतून कप उंच करून त्याला दाखवतो.

परवा कपाट आवरताना तुम्हा दोघी बहिणींच्या भांडणाची सुरुवात आठवली आणि एकटाच हसत बसलो. तू रायनोशी लग्न करून मिशिगनला, त्या कीविनॉच्या टोकाला गेलीस. तिथल्या पहिल्याच डिसेंबरात तुझा फोन आला, "डोरीन, इथला बर्फ बघितल्यावर तुमचा बर्फ म्हणजे डोक्यातला कोंडा वाटतो गं!" डोरीनने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू कोंडा माझ्याच डोक्यातला होता. "इथे टग हिलवर जन्मलेली मुलगी असं बोलते? लग्नाला चार महिने झाले नाहीत आणि माहेर विसरली?"

मग सुरू झालं ते. देशात सगळ्यात जास्त बर्फ कुठे, याचा निकाल तुम्ही दोघींनी फोनवर लावायला घेतलात. डोंगर पहिल्याच फटक्यात बाद, कारण जिथे माणूस राहत नाही तिथला बर्फ मोजायचा नाही, हा तुझाच नियम. अलास्का बाद. "ते राज्य नाही, तो वेगळा ग्रह आहे," असं डोरीन म्हणाली होती. बॉस्टनवर तर दोघी मिळून तुटून पडायचात. सहा इंच पडला की दुकानातला पाव संपतो, दूध संपतं, शाळा बंद. मिनियापोलिसला नुसती थंडी, बर्फ कुठे आहे? डेन्व्हरला सकाळी पडतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत वितळून जातो. बफेलोचं नाव निघालं की डोरीनचा आवाज चढायचा. "त्यांचा बर्फ टीव्हीवर पडतो. सिराक्यूसवाले बहुतेक वर्षी त्यांना मागे टाकतात आणि बिचारे गुपचूप फावडं मारतात." एखाद्या वर्षी रॉचेस्टर मध्येच डोकं वर काढायचं. पण असं करत करत शेवटी दोनच जागा उरायच्या. आमच्या ऑन्टारिओच्या पूर्वेची ही टेकडी आणि तुमच्या सुपीरिअर सरोवराच्या दक्षिणेचं ते टोक.

तिला तुझ्या आकड्यांवर विश्वास नव्हता आणि तुला तिच्या. म्हणून तुम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्यांना हवामान खात्याचे बिनपगारी निरीक्षक करून टाकलंत. मी इथे, रायनो तिथे. दोघांकडे बर्फ साचायला अंगणात एकसारखी पांढरी फळी, एकसारखी मोजपट्टी. हरणारीने मे महिन्यात जिन्नस पाठवायचा. आम्ही हरलो तर मेपलचा पाक, तुम्ही हरलात तर तिथल्या रानातल्या थिंबलबेरीचा मुरंबा. बावीस वर्षं हे चाललं. मी गावाची बर्फ हटवायची गाडी चालवायचो, बर्फाचा मला उबग यायला हवा होता. पण रोज सकाळी सातला फळीपाशी गेलो की मागून स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि प्रश्न यायचा, "किती?" त्या एका शब्दासाठी मी वाट्टेल तेवढा बर्फ सहन केला असता.

आता ते वादळ. त्याबद्दल आपण कधीच नीट बोललो नाही.

पंधरा वर्षांपूर्वी त्या जानेवारीत मी सकाळी सातला फळी पुसून गाडी घेऊन निघालो. दुपारपर्यंत परत येईन असं वाटलं होतं. पण खालच्या सगळ्या गोठ्यांमधून निरोप यायला लागले. दुधाच्या टाक्या भरल्यात, टँकर पोचला नाही तर दूध गटारात सोडावं लागेल. मी पुढे बर्फ लोटतोय आणि मागून टँकर येतोय, असं एकेका गोठ्यापर्यंत जायचं. मागे वळून बघावं तर केलेला रस्ता पुन्हा भरलेला. मला घरी यायला दुसऱ्या दिवशीचे दहा वाजले. निघताना मी डोरीनला एवढंच ओरडून सांगितलं होतं, "मला उशीर झाला तर तूच मोज आणि लिहून ठेव. मोजलं की फळी पुसायची." किती वेळाने मोजायचं ते सांगितलं नाही. तिने आधी कधी मोजलंच नव्हतं. तिचं काम फक्त "किती?" विचारायचं होतं.

घरी आलो तेव्हा दार अर्धं गाडलेलं होतं. मी ढिगावरून चढून, अशा बर्फासाठीच ठेवलेल्या वरच्या मजल्याच्या दारातून आत गेलो. ती जिन्यात उभी होती. डोळे लाल, केस विस्कटलेले. आणि पहिलं वाक्य काय, तर "एकाहत्तर! मर्ल, चोवीस तासांत एकाहत्तर इंच! व्हर्नाला फोन लाव!"

मग तिने मला कागद दिला. धान्याच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान, त्याच्या पाठीवर लिहिलेलं. तिने दर तासाला मोजलं होतं व्हर्ना. दर तासाला बाहेर जाऊन, मोजून, झाडूने फळी साफ करून परत आत. चोवीस ओळी. आणि प्रत्येक आकड्यापुढे काहीतरी लिहिलेलं. तीन इंच, वारा वाढला. साडेतीन, दिवे गेले. तीन, फोन बंद. चार, मर्ल नाही. अडीच, मर्ल अजून नाही. तीन, मर्ल नाही. शेवटच्या नऊ ओळींत तेवढंच होतं.

तुला नियम माहीत आहे. चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दर तासाला पुसून बेरीज केली की न बसलेला बर्फच मोजला जातो. ते एकाहत्तर इंच खरे नव्हते. पन्नास असतील, पंचावन्न असतील, आता कुणालाच कळणार नाही. कागद हातात घेतला तेव्हाच मला ते कळलं. तिची चूक नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरू नये म्हणून दर तासाला मोजत राहिली. चुकलो मी, निघताना.

तिला सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि म्हटलं, उद्या सांगू. दुपारी फोन सुरू झाला, हवामान कार्यालयाला आकडा कळवायची वेळ झाली. पलीकडच्या माणसाने शिट्टी वाजवली आणि विचारलं, "मर्ल, किती वेळा मोजलंस?"

मी म्हणालो, "चार."

एकच शब्द. बावीस वर्षांत माझा एकही आकडा चुकला नव्हता, म्हणून त्याने पुढे काही विचारलं नाही. दोन दिवसांनी टीव्हीवाले आले. डोरीन चर्चला जायचा कोट घालून फळीपाशी उभी राहिली. गावाच्या वेशीवर पाटी लागली. वेंडेलने आकडा छापून शर्ट काढले.

आणि तुझा फोन आला. तू अचूक तेच विचारलंस. "फळी किती वेळा पुसलीस, डोरीन?" तिला तो प्रश्न समजलाच नाही, तिला फक्त अविश्वास ऐकू आला. "मर्लला विचार," म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला. ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. मी तुला सांगितलं, "सगळं नियमाने झालंय." तू म्हणालीस, "मर्ल, मला आणि रायनोला हे पटत नाही. तुम्हाला टीव्हीवर यायचं होतं." तो आवाज तिच्यापर्यंत पोचला. तिने माझ्या हातातून फोन घेऊन ठेवून दिला.

वर्षभर तुम्ही बोलला नाहीत. नंतर वाढदिवस, नाताळ, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं बाळ, सगळ्यावर बोललात. पण हवामानाचा शब्द नाही. टग हिल आणि कीविनॉमधल्या दोन बहिणी जानेवारीत फोनवर बोलतात आणि बाहेर काय पडतंय ते एकमेकींना सांगत नाहीत! फोन ठेवल्यावर डोरीन खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. मुरंबा आला नाही आणि आम्ही मागितला नाही. मी दर हिवाळ्यात ठरवायचो, या खेपेला सांगू. पण सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की बहिणीशी ती एका खोट्यापायी भांडली आणि ते खोटं तिच्याच नवऱ्याचं होतं. तिला हे कळू नये म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण एवढंच की मला भीती वाटत होती.

आता गेल्या महिन्यात काय झालं ते ऐक. हवामान कार्यालयातून मारिसोल नावाची एक मुलगी आली. जुन्या निरीक्षकांचे मूळ कागद गोळा करतेय. चहा घेतला, डोनट खाल्लं आणि म्हणाली, "हॅगाडॉर्नकाका, त्या वादळाचा मूळ कागद आहे का हो? नसला तरी चालेल, बहुतेकांचे हरवलेत." किती सोपं होतं! "हरवला" म्हणायचं आणि डोनटचं ताट पुढे करायचं. पण मी उठलो, कपाट उघडलं आणि ते कॅलेंडरचं पान तिच्यासमोर ठेवलं.

ती बराच वेळ वाचत होती. आकड्यांवर नाही, पुढच्या शब्दांवर तिची नजर चालली होती. मग तिने विचारलं, "हे तुम्ही मोजलंत?" मी म्हणालो, "नाही, बायकोने. आणि तुमच्या फायलीत जो 'चार' आहे, तो माझा आहे." तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काका, हा आकडा काढावा लागेल." मी म्हणालो, "म्हणून तर दिला." आणि व्हर्ना, काय सांगू, तिची गाडी वळणापलीकडे गेली आणि मी पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो. मग आत जाऊन चार अंडी तळून खाल्ली. इतकी भूक कित्येक वर्षांत लागली नव्हती.

गावाला सांगायचं राहिलं होतं. रविवारी अग्निशमन केंद्रात पॅनकेकची न्याहारी होती, सगळे जमले होते. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, कुणाच्या डोळ्यांत न बघता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आता पाटी कोण रंगवणार?" आणि हशा पिकला. वेंडेल मात्र उठला, जाकिटाची चेन उघडली. आत तोच शर्ट. "पंधरा वर्षं घालतोय. मी नाही उतरवणार. मर्ल खोटा असेल, शर्ट माझा खरा आहे." सगळे हसले, पण तो हसला नाही. दोन दिवस माझ्याशी बोललाही नाही. काल सकाळी मात्र छपरावर चढला आणि शिव्या सुरू झाल्या, तेव्हा समजलो, मिटलं.

बेरीज पुन्हा केली आहे, त्या दिवसाचे पंचावन्न धरून. ते वादळ नियमाने मोजलं असतं तर त्या वर्षीचा हंगाम तू जिंकली असतीस, बऱ्याच इंचांनी. रायनोला सांग.

हे सगळं पुढच्या गुरुवारच्या पेपरात छापून येणार आहे आणि तुझ्यापर्यंत ते कुणीतरी पोचवणारच. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहायला बसलो असं वाटलं होतं. पण खरं कारण दुसरंच आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, डोरीनचे शेवटचे दिवस होते तेव्हा, तू दोन दिवस गाडी चालवून आलीस. तिच्या उशाशी बसून तिचा हात धरलास आणि म्हणालीस, "तूच बरोबर होतीस गं. मला मत्सर वाटला होता. मला माफ कर." तिने डोळे न उघडता विचारलं, "मग कबूल, एकाहत्तर?" तू म्हणालीस, "एकाहत्तर." आणि ती हसली. मी दारात सुपाचा वाडगा घेऊन उभा होतो, सगळं ऐकलं आणि परत स्वयंपाकघरात गेलो. तू खरी होतीस आणि तरी तिच्या समाधानासाठी स्वतःला खोटं ठरवलंस. तुला तेव्हाही आतून माहीत होतं, असं मला आता वाटतं. ती माफी तू मागायची नव्हतीस व्हर्ना, मी मागायची होती. ती तू परत घे. तुझ्या जागी आता मी मागतो.

अजूनही तुझाच मेहुणा, तू म्हणशील तर,
मर्ल