वल्हं क्रमांक ११४

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (टेबल आणि कपाटामधली जागा एक मीटर दहा सेंटिमीटर आहे, त्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. थेंब वेळेवर घाला, खाली वाकू नका आणि हे पत्र स्वतः वाचू नका. मामीने मोठ्याने वाचून दाखवावं, एकही ओळ न गाळता. (स्वतःचा विषय निघाला की तिला नेमकं स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवतं.)

तुम्ही संग्रहालयाला दिलेलं वल्हं पोहोचलं. तेच, ज्याने तुम्ही सव्वीस वर्षांपूर्वी भर वाऱ्यात नर्सबाईंना दीपगृहाच्या बेटावर, आईच्या बाळंतपणाला नेलंत, आणि ज्याचा उल्लेख माझ्या प्रत्येक वाढदिवसाला "मी नसतो तर तू नसतीस" या वाक्यासकट होतो. लांबी दोन मीटर चौऱ्याण्णव. आमचं संग्रहालय म्हणजे होडीचं जुनं तिकीटघर. दारातून आत पाऊल टाकलं की समोर भिंत. सुतार म्हणाला, "ताई, टोकाचं वीतभर उडवू. कुणाला कळतंय?" मी म्हटलं, "मला." शेवटी ते तिकिटाच्या खिडकीतून आत आलं आणि येताना अध्यक्षबाईंचा चष्मा घेऊन आलं. (बाई निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही अजून त्यांच्या वर्गातच आहोत.) "कंपाउंडरचंच ना हे?" त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखंच मध्ये मध्ये करतंय."

साफ करताना मी मूठ पाहिली. लाकूड झिजून हातांच्या दोन खुणा पडल्या आहेत, प्रत्येकी साडेसहा सेंटिमीटर रुंद. तुमचा पंजा केवढा आहे ते माझ्या पाठीला ठाऊक आहे. तरी एवढ्यावरून त्या दुपारचं काहीच सिद्ध होत नाही, म्हणून मी गप्प बसले. मग गेल्या आठवड्यात नर्सबाईंच्या मुलीने त्यांची रोजनिशी आणून दिली. त्या तारखेची नोंद जशीच्या तशी देते: "सव्वातीन. वारा फार. कंपाउंडरच्या बायकोने नाव एकटीने पलीकडे आणली. कंपाउंडर तळाशी आडवे, उलट्या. पण माझी पिशवी पोटाशी धरून शेवटपर्यंत कोरडी ठेवली. कोरडी नसती तर कठीण होतं. तीन पन्नास: मुलगी."

(मामी इथे थांबली असेल. तिला पुढे वाचायला सांगा.)

म्हणजे मामा, तुमचं वाक्य खोटं नाही. अपुरं आहे. तुमच्या गोष्टीतल्या लाटा दर वर्षी सरासरी एक फुटाने वाढतात, हेही मी फक्त नोंदवते. अडचण अशी की आमचं संग्रहालय कुणी न विचारलेल्या माणसांच्या गोष्टींसाठी आहे, आणि बाईंनी "शूर कंपाउंडर" असा फलक रंगवूनही घेतला आहे. रविवारी उद्घाटन. फलक बदलायचा तर वस्तू देणाऱ्याची लेखी संमती शनिवारपर्यंत हवी. मी आग्रह करत नाही. नव्या फलकात वल्हं तिचं आणि पिशवी तुमची, एवढाच बदल आहे. उलट्यांचा उल्लेख मी काढला आहे.

तुमची भाची

ता. क. १: संमतीपत्र सोबत आहे. मात्र त्यावर तुमची सही चालणार नाही. वल्हं मामीच्या वडिलांचं, तिच्या माहेरून आलेलं. (जोडीतलं दुसरं तुमच्या अंगणात कपड्यांच्या दोरीला टेकू आहे.) म्हणजे तुम्ही ते दिलंत तेच मुळात नियमात बसत नाही. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ता. क. २: मामी, उठू नकोस. गॅसवर काही नाही. सही खालच्या रेघेवर, पूर्ण नावाने.

ता. क. ३: मामा काय म्हणाले ते कळव. काहीच म्हणाले नाहीत, तर तेही कळव. तशी नोंद आमच्याकडे आजवर नाही. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. या वेळी ते वाक्य तू म्हण.