वॉनेटाला कॅम्प दाखवला

लाबेल, फ्लोरिडा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, दुपार

प्रिय डेस,

बरी असशील. जॉर्जियात यंदा थंडी जास्त आहे असं टीव्हीवर सांगत होते. इकडे सगळं कोरडं आहे. संत्र्यांच्या शेडमध्ये आम्ही आता सहाच बायका उरलो. झाडांना रोग लागलाय, बागा एकेक करून तोडतायत. माझा गुडघा दुखतो. बाकी ठीक.

सहा वर्षांनी लिहितेय. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, पण पत्रही परत आलं नाही, म्हणून पत्ता तोच धरलाय.

काल मी हेरन कॅम्पवर गेले होते. वॉनेटा हिक्सला घेऊन.

ती शेडमध्ये माझ्याच पट्ट्यावर फळं निवडते. अकरा वर्षांत आम्ही संत्र्यांखेरीज कशावर बोललो नाही. तिचा नवरा तिला तिकडे कधी जाऊ द्यायचा नाही. तो ऑक्टोबरमध्ये वारला. बुधवारी तिनं हातमोजे काढता काढता विचारलं, "शनिवारी तुझी गाडी मोकळी आहे का? माझी पोर गेली ती जागा बघायचीय." डोळ्याच्या ऑपरेशनपासून ती लांब गाडी चालवत नाही. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

सकाळी नऊला निघालो. तिनं उकडलेल्या शेंगांची पिशवी मांडीवर घेतली होती आणि वाटभर सोलून मलाही देत होती. मी खात होते. हायवेवरचं दुकान गेलं तेव्हा तिनं घड्याळाकडे बघितलं. मग कच्चा रस्ता लागला.

कॅम्पवर काही बदललेलं नाही. खडी टाकलेली मोकळी जागा, एक लाकडी टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं, कडेला प्लॅस्टिकचा संडास. नळ अजून नाही. पलीकडे सायप्रसची झाडं गुडघाभर काळ्या पाण्यात उभी. गिधाडं वायपरचं रबर ओढून नेतात म्हणून मी काचेवर गोणपाट टाकलं. तुझी सवय.

वॉनेटा म्हणाली, "कुठे?"

मी टेबलाखालची जागा दाखवली. ती खाली बसली, आत सरकली आणि पाय पोटाशी घेऊन राहिली. साठीची बाई. मी उभी होते. मला काही वाटेना, डेस. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

"सांग मला," ती आतूनच म्हणाली. "नीट सांग. तुझ्या बहिणीचं मी ऐकूनच घेतलं नव्हतं."

मी सांगितलं. चर्चच्या नऊ मुली होत्या. दुपारी तू त्यांना पाण्यातून चालवत नेलंस, दरवर्षीसारखं. परत येताना वारा फिरला, पाऊस आला आणि तासाभरात गारठा पडला. सगळ्या चिंब भिजलेल्या, या टेबलाखाली दाटून बसलेल्या. कोरडे कपडे, ब्लँकेटं, ताडपत्री, सगळं ट्रकमध्ये, आणि ट्रक तिथे नव्हता. फोन लागत नव्हता. लाकूड ओलं. तिची कॅसिडी सगळ्यांत किडकिडीत. ती कुडकुडायची थांबली तेव्हा मुलींना वाटलं, झोपली.

"ट्रक पाणी आणायला गेला होता," वॉनेटा म्हणाली.

"हो."

"कितीला?"

"दोनला."

"आणि आला पाचला." ती टेबलाखालून बाहेर आली, गुडघ्यांची माती झटकली. "रेथा, दुकान इथून वीस मिनिटांवर आहे. मी आत्ता बघितलं. जाऊन येऊन चाळीस. तू पाणी आणायला गेली होतीस की विहीर खणायला?"

ती ओरडली नाही. शेडमध्ये सडकं संत्रं बाजूला काढते, तशा आवाजात बोलली.

मी म्हणाले, "पाणी आणायला नव्हते गेले. ड्वाइटकडे गेले होते. तो मला भेटायला हायवेवरच्या मोटेलात थांबला होता. तासाभरात येते असं मनाशी म्हटलं होतं. माझ्या बहिणीला, ओडेसाला, न सांगता गेले. ती मुलींबरोबर पाण्यात होती."

"मग पाण्याचं कुणी सांगितलं?"

तेही सांगितलं, डेस. मी आले तेव्हा तू कॅसिडीला तुझ्या शर्टात गुंडाळून मांडीवर घेतलं होतंस. तिला ट्रकमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर निजवलंस. मग टेबलाखालचे पाण्याचे दोन्ही भरलेले कॅन उचललेस, ट्रकच्या मागे टाकलेस आणि म्हणालीस, "मी तुला पाण्याला पाठवलं होतं. लक्षात ठेव. आता जा." मी गेले. हॉस्पिटलात तेच सांगितलं. चौकशीतही तेच. तुझी शाळेतली नोकरी गेली तेव्हाही मी तेच सांगत होते. कॅसिडीच्या अंत्यविधीला तिच्या बापानं, हिक्सनं, तुला दारातून परत पाठवलं, तेव्हा मी आत तिसऱ्या बाकावर बसले होते.

ड्वाइटशी मी लग्न केलं हे तुला माहीत आहे. तो सोडून गेला हे कदाचित माहीत नसेल.

वॉनेटा पाण्याकडे बघत म्हणाली, "अकरा वर्षं मी रोज जेवायच्या आधी तुझ्या बहिणीला शाप दिला. रोज. आणि तू माझ्या शेजारी उभी राहून संत्री निवडत होतीस."

"हो."

"तुला मारावंसं वाटायला हवं मला. तेवढी ताकद नाही." तिनं शेंगांची कागदी पिशवी सरळ केली. "तिचा पत्ता दे."

मी सांगितला, तिनं पिशवीवर लिहून घेतला. तिच्या घराशी उतरताना ती म्हणाली, "उद्या मी चर्चमध्ये उठून सांगणार आहे. तुला यायचं तर ये."

आज सकाळी गेले. ती उठायच्या आत मीच उठले. जे तिला सांगितलं तेच सांगितलं, आणखी काही जोडलं नाही. पाद्रीबुवांनी पाणी दिलं, मी प्यायले. बाहेर पडताना लोकांनी वाट करून दिली, जरा जास्तच. चौकशीचे कागद ज्या ऑफिसात आहेत तिथे उद्या जाणार आहे. पुढे काय होईल ते ठाऊक नाही. भीती वाटत नाही, हलकंही वाटत नाही.

तू माझ्यासाठी तसं का केलंस, ते मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

वॉनेटाचं पत्र येईल, बहुतेक माझ्या आधीच. ते उघड. माझं नाही वाचलंस तरी चालेल. पण वाचलंस, तर हा कागद फाडू नकोस. शाळेत, कोर्टात, तुझ्या शेजाऱ्यांना, जिथे हवा तिथे दाखव. त्यासाठी खाली पूर्ण नाव लिहितेय.

तुझी धाकटी बहीण,
रेथा मे कॅलोवे