ओली पोती

शिरपूर जैन,
५ जानेवारी २०२५

चि. प्रसेनजितास,
ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कितीही मोठा साहेब झालास तरी पोस्टमन दारी येतोच.

परवा किन्हीराजाला बाबांकडे जाऊन आले. तुमच्या कारखान्यात तुराट्या जाळून वीज होते म्हणे. राख मात्र सगळी आपल्या अंगणात. बाबांना सलग बोलवत नाही. डॉक्टर म्हणाले, इथून हलवा. आणि हा माणूस रोज बादली घेऊन स्लॅबवर चढतो! तुझं धूळ मोजायचं मशीन तिथे आहे, ते तापतं, भोवतीची पोती ओली ठेवा, असं तूच सांगितलंस म्हणतात. खरं का? फार राग आलाय मला. रविवारी त्यांना माझ्याकडे आणते.
तुझी,
ताई

वाशीम,
९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, बरं वाटलं.

मशीन तापत नाही. पोती ओली असली की धूळ बसते नि आकडा कमी येतो, एवढंही कळू नये? नियमाने मशीन कारखान्याच्या सगळ्यात जवळच्या राहत्या घरावर लागतं. बाबा निघाले की घर रिकामं, मशीन शेजारच्या ग्यानबाकडे जाणार, आणि ग्यानबा काही माझ्यासाठी पाणी मारणार नाही. मार्चमध्ये मी कायम होतोय, तोवर थांब. म्हातारा आधीही खोकायचाच. शिवाय तो येणार नाही, विचारून बघ.

लोभ आहेच, वाढवायला सवड नाही.
प्रसेनजित

किन्हीराजा,
१४ जानेवारी २०२५

चि. योगिनीले,
बाबाचा जयभीम व आशीर्वाद. रविवारी तू म्हणली का पाणी मशीनसाठी नाही, धूळ लपवाले हाय. भावाचं भलं तुले पाहवत नाही काय पोरी? गावात कोणाचा पोरगा मशीनवाला साहेब हाय? कंपनीची गाडी आपल्या दारात उभी राह्यते. मी तुह्याकडं आलो तर मशीन जळन अन् त्याची नोकरी जाईन. दम लागते, पण पायरीवर बसतो, मंग चढतो. असं बोलाले पुन्हा येऊ नको. जावईबापूले जयभीम सांग.
तुहा बाप,
जानराव

वाशीम,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. अंत्यविधीला तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून लिहितो. बाबा जिन्यावरच गेले, हातात बादली होती. त्याचा दोष तू मला देतेस हे दिसलं. असो. बाबांचं पुण्यानुमोदन रविवारी आहे. कंपनीकडून मोठा हार येणार आहे.

एक विनंती. घर रिकामं दिसायला नको. मार्चपर्यंत तू तिथे राहा आणि पोती तेवढी ओली ठेव. बाबा गेल्यापासून आकडा चढलाय.
तुझा,
प्रसेनजित

किन्हीराजा,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजितास,
जयभीम. तुझ्या म्हणण्याप्रमाणे राहायला आले आहे. गॅस पेटतो, दिवा लागतो, दारात माझ्या चपला असतात. म्हणजे नियमाने हे राहतं घर आहे आणि मशीन इथून हलायचं नाही.

पोती मी कठड्यावर वाळत घातली. कडक वाळली आहेत. काल प्रदूषण मंडळाची तपासणीची माणसं आली होती. आकडा बघून त्यांना मशीनच बिघडलं वाटलं. मी त्यांना चहा दिला, मग पोत्यांवर पाणी का मारलं जायचं तेही सांगितलं. तुझं पत्र दाखवलं. ते त्यांनी सोबत नेलं.

बाबांच्या फोटोवरचा कंपनीचा हार राखेने काळा पडलाय. तो काढत नाही. लोभ असू दे असं या वेळी लिहीत नाही. मार्चपर्यंत मी आहेच.
योगिनी